परदेशी खेळाडू टीममध्ये आला तर पहिला महिना त्याच्या बॅटला हात लावू नका

मी मूळचा साताऱ्याचा, गेली नऊ वर्षं नागोयाजवळ नोकरीला आहे आणि दर रविवारी सकाळी नदीकाठच्या ग्राऊंडवर बेसबॉल खेळतो. इथे याला कुसायाक्यू म्हणतात, शब्दशः गवतावरचं बेसबॉल. आपल्या गल्ली क्रिकेटचा शिस्तीत वाढलेला भाऊ समजा, युनिफॉर्म असतो, अंपायर असतो, आणि सकाळी सहाचा स्लॉट बुक केलेला असतो त्यामुळे झोपेचं खोबरं ठरलेलं. पहिली चार वर्षं टीममध्ये मी एकटाच परदेशी होतो, आता आम्ही चौघं आहोत, आणि कुणी नवीन आला की त्याला रुळवायचं काम आपोआप माझ्या गळ्यात पडतं. अमेरिकेत पोरांच्या टीमला कोचिंग करणारे दोन-तीन मित्र सारखे विचारत असतात की बाहेरून आलेला पोरगा गप्प बसतो, खेळ पण घसरलाय, काय करू. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी माझा किस्सा. आख्खं बालपण टेनिस बॉल क्रिकेटमध्ये गेलेलं, त्यामुळे बॉल मारला की बॅट घेऊन पळायचं हे अंगात भिनलेलं. बेसबॉलमध्ये बॅट तिथेच टाकून पळतात. मी पहिले तीन रविवार बॅट घेऊनच फर्स्ट बेसला पोचलो, आणि एकदा तर रनआऊट वाचवायला क्रीजमध्ये टेकवतात तशी बेसवर टेकवली सुद्धा. टीम हसून हसून लोळली. आमचे कांतोकू, म्हणजे मॅनेजर, साठीचे गृहस्थ, पेशाने न्हावी, ते मात्र हसले नाहीत. मला बाजूला घेऊन एवढंच विचारलं की हातातली वस्तू सोड याला तुझ्या भाषेत काय म्हणतात. मी म्हटलं, टाक. पुढच्या मॅचला बघतो तर हे स्वतः फर्स्ट बेसच्या बाजूला कोचच्या चौकटीत उभे, आणि मी बॉल मारला रे मारला की तिकडून आवाज, "ताक्कू! ताक्कू!" जपानी जिभेला आपला ट येत नाही आणि शेवटी उ लागल्याशिवाय राहत नाही. बॅट हातातून आपोआप सुटली. जपानला येऊन सहा महिने झाले होते आणि तोवर माझ्या भाषेतला एक शब्द माझ्यासमोर कुणी उच्चारला नव्हता.

मोठ्या लीगमध्ये पण हेच दिसतं. १९८१ साली मेक्सिकोच्या सोनोरा भागातल्या एका खेड्यातून आलेला फर्नांडो व्हॅलेन्झुएला हा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, लॉस एंजेलिसच्या डॉजर्सकडून पहिला पूर्ण सीझन खेळला तेव्हा त्याला इंग्रजी जवळजवळ येत नव्हतं, आणि त्याचा कॅचर, म्हणजे आपल्या विकेटकीपरसारखा मागे बसणारा, माईक सोशिया त्याच्याशी बोलता यावं म्हणून स्पॅनिश शिकला. त्या वर्षी व्हॅलेन्झुएलाने सुरुवातीचे आठच्या आठ सामने जिंकले आणि सीझन संपताना साय यंग (सर्वोत्तम पिचर) आणि रुकी ऑफ द इयर (सर्वोत्तम नवखा) दोन्ही बक्षिसं घेऊन गेला. आता हे स्पॅनिशमुळेच झालं असं म्हणणं म्हणजे त्याच्या स्क्रूबॉलवर, म्हणजे उलट्या बाजूला वळणाऱ्या बॉलवर, अन्याय होईल. पण माऊंडवर, म्हणजे पिचरच्या मातीच्या उंचवट्यावर, एकवीस वर्षांच्याही आतल्या पोराकडे चालत येणारा माणूस त्याच्या भाषेत बोलतोय, याने छातीवरचं ओझं किती हलकं होतं ते परदेशात एकट्याने पहिला हिवाळा काढलेल्यालाच कळेल.

तो यायच्या आधी काय करायचं

नाव शिका. साधं वाटतं ना? माझ्या आडनावात ळ आहे, जपानी माणसाने त्याचं काय करावं? कांतोकूंनी आठवडाभर दुकानात गिऱ्हाइकाचे केस कापता कापता सराव केला आणि शेवटी र पर्यंत पोचले, मला चाललं. न चालणारी गोष्ट म्हणजे सोयीसाठी दुसरंच नाव चिकटवणं. रोबेर्तो क्लेमेंते पोर्तो रिकोचा, एवढा मोठा खेळाडू, पण अमेरिकेतल्या बेसबॉल कार्डांवर वर्षानुवर्षं त्याला 'बॉब' छापत राहिले आणि त्याला ते अजिबात आवडायचं नाही. टोपणनाव पडेल ते पडेल, पण ते त्याला टीमने प्रेमाने दिलेलं असावं, तुमच्या जिभेच्या आळसातून आलेलं नसावं.

मग राहायची जागा, सिमकार्ड, बँकेचं खातं, ट्रेनचं कार्ड, जवळचं दुकान. तुम्ही म्हणाल हे कोचचं काम आहे का. नसेल, पण ज्याला रात्री गॅस गीझर चालू करता आला नाही आणि जो थंड पाण्याने अंघोळ करून आलाय त्याला तुम्ही सकाळी कटर, म्हणजे शेवटी किंचित वळणारा बॉल, कसा मारायचा ते शिकवणार, काय डोंबल शिकणार तो. जपानच्या प्रोफेशनल टीम परदेशी खेळाडूसाठी दुभाष्या ठेवतात आणि तो दुभाष्या फक्त ग्राऊंडवर नसतो, दवाखान्यात, वॉर्ड ऑफिसात, पोरांच्या शाळेत सगळीकडे असतो. अमेरिकेत २०१६ पासून मेजर लीगच्या प्रत्येक टीमला स्पॅनिशचे पूर्णवेळ दुभाषे ठेवावे लागतात, आणि २०२२ पासून मायनर लीगच्या बहुतेक पोरांच्या राहण्याची सोय टीमच करते, त्याआधी एका फ्लॅटमध्ये पाच-सहा जण गाद्या टाकून झोपायचे. तुमच्या छोट्या टीमकडे एवढा पैसा नसणार, पण एक माणूस नेमून देता येतो. एकच नेमा. चौघांवर जबाबदारी टाकली की कुणीच करत नाही, आपल्याकडे लग्नात पाणी वाढायचं काम जसं होतं तसं.

खाण्याचं विसरू नका. मी शाकाहारी, आणि इथे ज्या भाताच्या गोळ्यात मासा नाही असं पाकिटावर वाटतं त्याच्यात पण माशाचं पाणी असतं. पहिल्या टूर्नामेंटला मी दोन केळ्यांवर नऊ इनिंग काढल्या.

वहीत दोन रकाने

आता मुख्य मुद्दा, बाकी सगळं विसरलात तरी हा लक्षात ठेवा. नवीन खेळाडूची प्रत्येक चूक लिहा, पण दोन रकान्यांत, एकात नवखेपणा आणि दुसऱ्यात खोट. पहिला महिना फक्त पहिल्या रकान्याचं बघायचं. दुसऱ्या रकान्यातलं त्याला सांगायचं सुद्धा नाही.

का, ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे व्हेनेझुएलाचा एक पोरगा आला, गाड्यांच्या पार्टच्या फॅक्टरीत कामाला, तिकडे शाळेपासून पिचर. पहिल्या दिवशी त्याचे बॉल कॅचरच्या डोक्यावरून जायला लागले, एक तर मागच्या जाळीत वरपर्यंत गेला. आमच्यातले दोघं लगेच सुरू, कोपर खाली येतंय, पाय लवकर टेकतोय, खांदा उघडतोय. कांतोकूंनी दोघांनाही गप्प केलं आणि त्याच्या हातात एक बॉल ठेवला, म्हणाले घरी घेऊन जा, टीव्ही बघताना हातात फिरवत बस. झालं होतं असं की आम्ही खेळतो तो बॉल रबराचा, आतून पोकळ, शिवण दिसते पण ती रबरात उठवलेली असते, बोटाला खरा धागा लागतच नाही. त्याचा आख्खा जन्म चामड्याच्या कडक बॉलवर गेलेला. त्याची बोटं धागा शोधत होती, सापडत नव्हता, आणि बॉल सुटायला निमिषभर उशीर किंवा घाई होत होती. कोपराची काही चूक नव्हती. तिसऱ्या रविवारी बॉल आपोआप खाली यायला लागले. त्या दिवशी जर चार जणांनी चार गोष्टी सांगितल्या असत्या तर त्याने चांगलं कोपर बिघडवून घेतलं असतं, आणि मग ते दुरुस्त करण्यात वर्ष गेलं असतं.

गंमत म्हणजे त्याच रबरी बॉलवर मी पहिल्या दिवसापासून खूश होतो, कारण टप्पा पडला की तो डोक्यावरून उसळतो, अगदी सिमेंटच्या पिचवरच्या टेनिस बॉलसारखा. आम्ही दोघंही परदेशी पण नवखेपणा वेगवेगळा, त्यामुळे 'परदेशी लोकांना असं होतं' अशी एकच यादी सगळ्यांना लावू नका.

प्रोफेशनलला पण बॉल बदलतो. जपानचा बॉल अमेरिकेच्या बॉलपेक्षा किंचित लहान आणि हाताला चिकटणारा, अमेरिकेचा गुळगुळीत, त्याला तर मॅचआधी नदीचा खास चिखल चोळतात. माऊंडची माती वेगळी, जपानमध्ये पूर्वी मऊ असायची, आता बऱ्याच ठिकाणी कडक करतात. अमेरिकेत स्टार्टिंग पिचर, म्हणजे मॅच सुरू करणारा, पाचव्या दिवशी परत उभा राहतो, जपानमध्ये साधारण आठवड्यातून एकदा, म्हणजे सगळं शरीराचं घड्याळच बदललं. कोशिएन स्टेडियमचं इनफिल्ड, म्हणजे बेसांमधला भाग, पूर्ण मातीचं, दुसऱ्या बऱ्याच ठिकाणी कृत्रिम गवत, दोन्हीवर बॉल वेगळा येतो. मॅच १२ इनिंगनंतर बरोबरीत सुटते, अमेरिकन माणसाला हे पहिल्यांदा कळतं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. बॅटरसाठी सगळ्यात मोठा फरक म्हणजे फोर्कबॉल, जो कमरेपर्यंत स्ट्राईक, म्हणजे मारण्याच्या चौकटीतला, वाटतो आणि शेवटी जमिनीत घुसतो. पहिला महिना नवीन बॅटर त्याच्यावर बॅट फिरवत राहणार. ही खोट समजून त्याचा स्टान्स बदलू नका, त्याला रोज वीस-तीस फोर्कबॉल नुसते बघायला द्या, बॅट खांद्यावर ठेवून, फक्त 'बॉल' की 'स्ट्राईक' एवढं ओरडायचं.

त्याची सवय त्याच्याकडे राहू द्या

जपानमध्ये प्रोफेशनल टीमचे कॅम्प १ फेब्रुवारीला ओकिनावा आणि मियाझाकीला सुरू होतात आणि दिवसभर चालतात. नॉक म्हणजे कोच बॅटने बॉल मारत राहणार आणि तुम्ही पकडत राहणार, हजार नॉक हा इथे वाक्प्रचारच आहे. अमेरिकेतून आलेल्याला वाटतं सीझनच्या आधीच मला मारणार हे. इथे दोन टोकं असतात, एक कोच म्हणतो आमच्याकडे असंच असतं, दुसरा घाबरून परदेशी खेळाडूला सगळ्यातून सूट देतो. दुसरं पण वाईट हं. सगळे घाम गाळतायत आणि हा एकटा बाकावर, की मग तो टीमचा राहत नाही, पाहुणा होतो. आमच्याकडे तोडगा असा, वॉर्मअप आणि शेवटचं ग्राऊंड झाडणं सगळ्यांबरोबर, मधला अर्धा तास त्याचा, त्याच्या पद्धतीने. आणि कुठलीही गोष्ट करायला लावली तर का ते एका वाक्यात सांगायचं. ग्राऊंडवर येता-जाता वाकून नमस्कार करायचा हे मला कुणी समजावलं नव्हतं, पण आपल्याकडे आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावतात ते आठवलं आणि विषय संपला.

सादाहारू ओ हे नाव ऐकलं असेल, ८६८ होमरनवाला. तो योमिउरी जायंट्सचा मॅनेजर असताना १९८४ साली वॉरेन क्रोमार्टी नावाचा अमेरिकन तिथे आला, ओ ने त्याच्या बॅटिंगवर बसून काम केलं, आणि क्रोमार्टीने आपल्या मुलाच्या नावात 'ओ' घातलं. १९८९ ला तो .३७८ च्या सरासरीने लीगचा एमव्हीपी झाला. याच्या उलट बॉब हॉर्नर, १९८७ ला याकुल्टच्या टीमकडून फक्त ९३ मॅचमध्ये ३१ होमरन, जपान वेडं झालं होतं, आणि पुढच्या सीझनला हा गडी परत अमेरिकेत. आकडे चांगले आहेत म्हणजे माणूस रुळलाय असं धरू नका.

बोलणं

दुभाष्या असेल तर खेळाडूकडे बघून बोला, दुभाष्याकडे नाही. छोटी वाक्यं, एका वेळी एक. विनोद टाळा, भाषांतरात मरतो. माऊंडवर जाताना दुभाष्याला बरोबर न्या, जपानमध्ये ते नेहमीचंच आहे, अमेरिकेत २०१३ पासून परवानगी आहे.

'कळलं का' हा प्रश्न कायमचा सोडून द्या. जपानी माणूस 'हाय' म्हणतो त्याचा अर्थ ऐकू आलं एवढाच असू शकतो. मी आपली मान डोलवायचो, आपली ती हो पण नाही आणि नाही पण नाही वाली, आणि कांतोकू बिचारे दोन महिने समजत होते की मी प्रत्येक गोष्टीला नकार देतोय. आता ते म्हणतात, करून दाखव. करून दाखवलं की भाषेचा प्रश्नच येत नाही.

आणि एक खड्डा असा आहे जो कुणाला दिसत नाही, तो म्हणजे ओळखीचे शब्द. जपानी बेसबॉल इंग्रजी शब्दांनी भरलेलं आहे पण ते इंग्रजी जपानचं. पिचरचा बॉल अंगावर लागला तर 'डेड बॉल', चौकटीबाहेरच्या चार बॉलवर फुकट बेस मिळाला तर 'फोर बॉल', रात्रीची मॅच 'नायटर', डबल प्ले, म्हणजे एका बॉलवर दोन आऊट, 'गेटत्सू'. अमेरिकन माणसाला वाटतं मला कळतंय, आणि डेड बॉलचा त्याच्याकडचा अर्थ वेगळाच. एका कागदावर वीस शब्द लिहून द्या, त्याच्या लिपीत. मी माझा कागद देवनागरीत केला होता, अजून बॅगेत आहे, घामाने पुसट झालाय.

रागवायचं असेल तर एकट्यात. सगळ्यांसमोर ओरडलात तर त्याला शब्द कळणार नाहीत, फक्त आवाज आणि वीस लोकांचे चेहरे कळतील, आणि मग घरी जाऊन तो त्याच्या मनाने अर्थ लावत बसेल, जो तुमच्या मूळ बोलण्यापेक्षा दहापट वाईट असेल.

खाली बसवायची वेळ आली तर

जपानच्या लीगमध्ये पहिल्या संघात एका वेळी ठराविकच परदेशी चालतात. त्यामुळे चांगला खेळणारा पण कधी कधी फक्त हिशोबासाठी दुसऱ्या संघात जातो, आणि एकदा नाव काढलं की दहा दिवस परत घेता येत नाही. हे त्याला नोटीस बोर्डवरून कळू देऊ नका. समोर बसवून सांगा की कारण आकड्याचं आहे, खेळाचं नाही, किंवा खेळाचं असेल तर तेही सरळ सांगा. इथे परदेशी खेळाडूला 'सुकेत्तो' म्हणतात, मदतीला आलेला. शब्द गोड आहे पण त्यात एक पाचर आहे, मदतीला आलेल्याने लगेच मदत करायची असते, शिकायला वेळ मिळत नाही. जिथे वेळ मिळतो तिथे काय होतं बघा. क्युबाचा लिव्हान मोइनेलो २०१७ ला फुकुओकाच्या सॉफ्टबँक हॉक्सकडे आला तो डेव्हलपमेंट करारावर, म्हणजे शिकाऊ म्हणून, पाठीवर तीन आकडी नंबर. सात सीझन रिलीफमध्ये, म्हणजे मॅचमध्ये मधेच येऊन बॉल टाकण्यात, काढले, २०२४ ला टीमने त्याला स्टार्टर केलं आणि त्याने १.८८ च्या इआरएने, म्हणजे दर नऊ इनिंगमागे पिचरने दिलेल्या रनांच्या सरासरीने, लीगमध्ये पहिला नंबर काढला.

आपल्या रिंकू सिंग (क्रिकेटवाला नव्हे) आणि दिनेश पटेलचं तर याहून अवघड होतं. उत्तर प्रदेशातले भालाफेकपटू, २००८ च्या 'मिलियन डॉलर आर्म' या बॉल फेकायच्या स्पर्धेतून निवडले, बेसबॉलचा ग्लोव्ह कधी घातला नव्हता, अमेरिकेत टॉम हाऊसच्या हाताखाली काही महिने तयारी आणि त्याच वर्षी पिट्सबर्ग पायरेट्सशी करार. मेजर लीगपर्यंत दोघंही पोचले नाहीत, लोक तेवढंच बोलतात. माझ्या मते शून्यातून प्रोफेशनल मॅच जिंकण्यापर्यंत जाणं, जे रिंकूने २००९ ला केलं, हीच कोचिंगची मोठी गोष्ट आहे.

घरच्यांचं विचारा

रँडी बास. १९८५ ला हानशिन टायगर्सला जपान सीरिज जिंकून देणारा, ५४ होमरन आणि ट्रिपल क्राऊन (सरासरी, होमरन आणि मिळवून दिलेल्या रन, तिन्हींत पहिला), पुढच्या वर्षी .३८९ ची सरासरी. ओसाकात अजून देवासारखा मानतात. १९८८ मध्ये मुलगा गंभीर आजारी पडला म्हणून तो अमेरिकेला गेला आणि सीझन संपायच्या आधीच टीमने त्याचा करार संपवला. हानशिनला जपान सीरिजचं पुढचं विजेतेपद मिळालं २०२३ ला, ३८ वर्षांनी. त्याचा आणि याचा थेट संबंध जोडणं बरोबर नाही, पण हानशिनचे म्हातारे फॅन जोडतातच.

त्यामुळे दर पंधरा दिवसांनी एकदा बेसबॉल सोडून विचारा. आई कशी आहे, पैसे पोचले का, बायकोला इथे कुणी मैत्रीण मिळाली का. आमच्या व्हेनेझुएलावाल्याचं पिचिंग ऑगस्टमध्ये अचानक गेलं, आम्ही उन्हाला दोष देत होतो. कांतोकूंनी त्याला दुकानात बोलवलं, फुकट केस कापले, आणि आरशात बघत बघत तो बोलला की रात्रपाळी लागलीय आणि घरच्यांशी फोनची वेळच जमत नाही. आम्ही त्याची प्रॅक्टिस दुपारची केली. बाकी काहीच केलं नाही.

त्याच्याकडून शिका पण, आणि सगळ्यांसमोर. त्याने आम्हाला चेंजअप, म्हणजे हळू येऊन फसवणारा बॉल, कसा धरायचा ते दाखवलं, रबरी बॉलवर अर्धवटच जमतो, पण त्या दिवशी पन्नाशीचे लोक त्याच्याभोवती शाळेतल्या पोरांसारखे उभे होते. अलेक्स रामिरेझ पण व्हेनेझुएलाचा, जपानमध्ये २००० हिट करणारा पहिला परदेशी, तो पिचरपेक्षा कॅचरचा अभ्यास करायचा, कुठल्या वेळी कुठला बॉल मागवतो ते बघून ठेवायचा. पुढे योकोहामाच्या टीमचा मॅनेजर झाला आणि २०१९ ला जपानी नागरिकही.

आता दुसऱ्या रकान्याचं काय, असं विचाराल. त्या पोराच्या वहीत आमच्याकडे एक खोट लिहिलेली होती, कर्व्ह टाकताना मनगट आधीच वळायचं, बॅटरला कळायचं. पाच आठवडे कुणी बोललं नाही, मलाच दोनदा राहवलं नव्हतं पण कांतोकूंनी डोळे वटारले. सहाव्या रविवारी मॅच हरल्यावर ग्राऊंड झाडता झाडता तो स्वतः त्यांच्याकडे गेला, हातात बॉल, मनगट वळवून दाखवलं आणि मोडक्या जपानीत विचारलं, हे दिसतं का? कांतोकूंनी झाडू माझ्या हातात दिला आणि दोघं अंधार पडेपर्यंत तिथेच होते.